मिठाचे डोंगर वाळवंटातच का टिकतात

कोयनेचे भूकंप कशामुळे होतात हे तपासण्यासाठी कोयना-वारणा पट्ट्यात दीड-दीड किलोमीटर खोल बोअर घेतली गेली आणि गोठण्याजवळ एक तीन किलोमीटरपर्यंत नेलं. या कामाची प्रयोगशाळा कराडला आहे. रासाटीच्या बोअरमध्ये साधारण 930 मीटरवर आपला काळा कातळ संपला आणि लगेच ग्रॅनाइट-नाइस लागला. मध्ये वाळूचा दगड नाही, शेल नाही, चुनखडी नाही. म्हणजे लाव्हा आला तेव्हा या भागात उघड्या ग्रॅनाइटवरच पसरला, आधी साचलेला समुद्राचा गाळ तिथे नव्हता. गाळच नाही तर मिठाचा थर कुठून येणार? सह्याद्रीच्या या पट्ट्यात मिठाचा घुमट, म्हणजे खोल थरातून खांबासारखं वर चढलेलं मीठ, का सापडत नाही, याचं उत्तर या बोअरच्या नमुन्यांत आहे.

मिठाचे डोंगर पाहायचे तर अरबी समुद्र ओलांडून इराणच्या दक्षिण किनाऱ्यावर जावं लागतं. तिथे झाग्रोस पर्वतात आणि लगतच्या बेटांवर शंभराहून जास्त ठिकाणी जमीन फोडून मीठ वर आलं आहे. काही जागी मिठाचे डोंगर शेजारच्या मैदानापेक्षा शेकडो मीटर उंच उभे आहेत. हे मीठ सुमारे 55 कोटी वर्षांपूर्वीचं, ज्वालामुखी नाही, वाफ नाही, आणि तरी हा मिठाचा घट्ट खडक किलोमीटरचे किलोमीटर अंतर कापून वर आला आहे. कसा, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. कारण याबद्दल जे ढोबळ चित्र सगळीकडे सांगितलं जातं ते निम्मंच बरोबर आहे.

आधी मीठ साचतं कसं ते बघू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. पाणी आटत पाचव्या हिश्श्यावर आलं की जिप्सम खाली बसायला लागतं, दहाव्या हिश्श्यावर आलं की खायचं मीठ, आणि अगदी शेवटी पोटॅश आणि मॅग्नेशियमचे कडू क्षार. मिठागरात हाच क्रम वापरून आधीच्या कुंड्यांत पाणी नुसतं तापवत ठेवतात, मीठ पुढच्या कुंडीत धरतात आणि उरलेलं कडू पाणी सोडून देतात. आता हिशेब करा. हजार मीटर खोल समुद्र पूर्ण आटला तरी तळाला सगळे क्षार मिळून जेमतेम पंधरा-सोळा मीटर थर बसतो. झाग्रोसच्या खालचा होर्मुझ मिठाचा थर मुळात किलोमीटरभर जाड असावा असं मानतात. एवढं मीठ एका समुद्राच्या आटण्यातून येत नाही. उथळ उंबरठ्याने मुख्य समुद्रापासून तुटलेलं खोरं लागतं. त्यात पाणी सतत आत येत राहतं, बाहेर जायला वाट नसते आणि वर कडक ऊन असतं. जमीनही खालून हळूहळू खचत राहावी लागते, नाहीतर खोरं मिठाने भरून काम तिथेच थांबतं.

मिठाच्या थरावर मग कोट्यवधी वर्षं चिखल, वाळू, चुनखडी बसत जाते. इथून पुढे मिठाचे दोन गुण महत्त्वाचे ठरतात. पहिला, त्याची घनता बदलत नाही. हॅलाइट, म्हणजे खनिज मीठ, दर घनसेंटिमीटरला साधारण 2.16 ग्रॅम भरतं आणि कितीही खोल गाडलं तरी जवळपास तेवढंच राहतं, कारण त्यात दाबून बाहेर काढता येईल अशी पोकळीच उरत नाही. चिखलाचं तसं नाही. ताजा गाळ 1.7 ते 2 च्या आसपास असतो, पण दबत दबत त्यातलं पाणी निघून जातं आणि खोलवर तो 2.5 पर्यंत पोहोचतो. एक-दीड किलोमीटर खोलीच्या पुढे कधीतरी गाळ मिठापेक्षा जड होतो. दुसरा गुण, मीठ फार कमकुवत आहे. हातोडी मारली तर काचेसारखं फुटतं, पण तोच जोर हजारो वर्षं संथपणे लावला तर ते दाट द्रवासारखं वाहतं. त्यासाठी ते वितळावं लागत नाही. काही किलोमीटर खोलीवरचं 80-100 अंशांचं तापमान त्याला पुरतं, आणि ओलसर असेल तर साध्या हवेतल्या तापमानालाही वाहतं. (मीठ वितळतं 801 अंशांना, त्यामुळे 'वितळलेलं मीठ वर येतं' असं कुठे वाचलं तर ते सोडून द्यावं.)

आता ते ढोबळ चित्र: हलकं मीठ खाली, जड खडक वर, म्हणून मीठ पाण्यातल्या तेलासारखं फुग्याच्या आकारात वर चढतं. विसाव्या शतकातला बराच काळ भूशास्त्रज्ञही असंच धरून चालले होते. अडचण अशी की वरचा खडक म्हणजे पाणी नव्हे. त्याला ताकद असते. दोन किलोमीटर जाडीचं घट्ट छप्पर नुसत्या हलकेपणाच्या जोरावर मिठाला फोडता येत नाही. शिवाय 'एक-दीड किलोमीटरवर गाळ जड होतो' म्हणजे त्या खोलीवरचा गाळ जड होतो. वरपासून खालपर्यंतच्या सगळ्या गाळाची सरासरी घनता मिठाच्या पुढे जायला दोन-तीन किलोमीटर जाडी लागते. प्रत्यक्षात तर याच्या कितीतरी आधी, गाळ पातळ असतानाच मीठ हलायला लागल्याच्या खुणा सापडतात. मग सुरुवात कशाने होते?

बहुतेक वेळा असमान ओझ्याने. पावसाळ्यात भाताच्या खाचरात पाय दिला की चिखल बोटांच्या मधून वर येतो. तिथे चिखल हलका असण्याचा संबंध नसतो, एका जागी दाब जास्त आणि शेजारी कमी, एवढंच पुरतं. मिठावर नदीचा त्रिभुज प्रदेश सरकत आला, एका बाजूला जाड गाळ बसला, की मीठ तिथून पिळलं जाऊन कमी ओझ्याच्या बाजूला जातं. दुसरं कारण म्हणजे ताण. वरचे थर ताणले गेले, प्रस्तरभंग पडले, तुकडे सुटे झाले, की छप्पर जिथे पातळ झालं तिथे मीठ मोकळ्या झालेल्या जागेत घुसतं. 1990 च्या दशकात प्रयोगशाळेतल्या वाळू आणि सिलिकॉनच्या प्रतिकृतींनी हे दाखवून दिलं आणि तेलशोधाच्या नकाशांतली कितीतरी जुनी स्पष्टीकरणं बदलावी लागली. तिसरं कारण दाब. दोन्ही बाजूंनी आवळलं की आधीपासून तयार असलेला मिठाचा खांब चेपला जाऊन मीठ वर फेकलं जातं. अरबस्तानचं भूपृष्ठ आशियाला वर्षाला दोनेक सेंटिमीटरच्या वेगाने रेटतं आहे. इराणमधलं मीठ आज एवढं जोरात वर येतं त्याचं मुख्य कारण हा रेटा.

आणखी एक प्रकार आहे, आणि माझ्या मते घुमटांबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच. एकदा मीठ जमिनीच्या किंवा समुद्रतळाच्या पातळीला पोहोचलं की त्याला वर 'चढावं' लागतच नाही. त्याचा माथा तिथेच राहतो. आजूबाजूला गाळ साचत जातो, त्या ओझ्याने शेजारचा भाग खाली खचतो, तळाचं मीठ खांबाकडे सरकतं आणि गाळाची पातळी वाढेल तेवढाच माथाही वाढतो. लाखो वर्षांनी कापून पाहिलं तर मिठाने पाच किलोमीटर खडक भेदल्यासारखं दिसतं, पण तो खडक त्या जागी कधी नव्हताच. खांब आधी होता, खडक नंतर त्याच्याभोवती रचला गेला. अमेरिकन भूशास्त्रज्ञ डोनाल्ड बार्टन यांनी 1933 सालीच हे मांडलं होतं. त्याकडे लक्ष जायला पुढे काही दशकं लागली.

खांबाभोवतीची मिठाची शिदोरी संपली की वरचा आणि खालचा थर एकमेकांना टेकतात आणि पुरवठा बंद होतो. एरवी दिसायला सारखे असलेले दोन घुमट, एक जिवंत आणि एक मेलेला, यांच्यातला फरक असा खाली असतो.

वर आलेल्या मिठाचं पुढे काय होतं हे मात्र हवामान ठरवतं, आणि वाळवंटाचा संबंध इथे येतो. गणित सोपं आहे. एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त 360 ग्रॅमच्या आसपास मीठ विरघळतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. 360 ग्रॅम मीठ एका चौरस मीटरवर पसरलं तर त्याची जाडी साधारण एक मिलिमीटरचा सहावा हिस्सा भरते. म्हणून उघड्या मिठावर पडलेल्या पावसाच्या उंचीचा सहावा भाग, एवढी मिठाची जाडी वर्षाला जास्तीत जास्त विरघळू शकते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे मिठाचा डोंगर ठेवला तर तो वर्षाला मीटरभरापर्यंत झिजेल. आटपाडी किंवा दहिवडीच्या पाचशे मिलिमीटरच्या आसपासच्या पावसातही आठेक सेंटिमीटर जाईल. आपण ज्याला दुष्काळी भाग म्हणतो तोही मिठाच्या दृष्टीने फार ओला.

इराणच्या किनारी भागात पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे झीज तीनेक सेंटिमीटर. उघड्या मिठावर खुंट्या ठोकून घेतलेली मोजमापंही वर्षाला तीन-चार सेंटिमीटरच्या घरातलीच आहेत. मृत समुद्राच्या नैऋत्य टोकाला सदोम नावाचा डोंगर आहे, सुमारे 11 किलोमीटर लांबीची मिठाची भिंतच. तिथे पाऊस वर्षाला पन्नास मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे झीज जास्तीत जास्त आठ मिलिमीटर, आणि डोंगर वर येण्याचा वेगही वर्षाला काही मिलिमीटरच आहे. आवक-जावक जवळजवळ बरोबरीत. याउलट अमेरिकेतल्या लुइझियानात पाऊस दीड हजार मिलिमीटर. तिथेही घुमट भरपूर आहेत, पण मीठ जमिनीखालीच राहतं आणि वर दिसते ती फक्त दलदलीतली झाडीभरली टेकडी. एव्हरी आयलंड हे त्यातलं माहितीतलं नाव. जमिनीखाली घुमट वाळवंटाबाहेरही होतात, पण उघड्या मिठाचा डोंगर म्हणून उभे राहण्याइतकी कोरडी जागा वाळवंटातच मिळते.

यात एक पोटहिशेब आहे. मीठ कधीच शुद्ध नसतं. त्यात अनहायड्राइट (पाण्याचा अंश नसलेलं जिप्सम), माती, लोहभस्माचे कण, वाटेत ओढून आणलेले ज्वालामुखी खडकांचे ठोकळे असं बरंच असतं. मीठ विरघळून गेलं की हा कचरा मागे उरतो आणि त्याची टोपी तयार होते. मिठात 5 टक्के असा ऐवज धरला तर दहा मीटर जाड टोपीसाठी ढोबळमानाने दोनशे मीटर मीठ वाहून जावं लागतं. टोपी जाड झाली की पाऊस मिठापर्यंत पोहोचायलाच वेळ लागतो आणि झीज सेंटिमीटरांवरून मिलिमीटरांवर येते. त्यामुळे लांबून मिठाचे बरेच डोंगर पांढरे दिसत नाहीत. तपकिरी, काळपट, जांभळट दिसतात. होर्मुझ बेट तर लाल आहे. तिथला गेरू पूर्वापार खणला जातो आणि स्थानिक लोक तो माशांच्या आंबवलेल्या चटणीतही घालतात.

जिथे टोपी पातळ आहे तिथे जवळून पाहिलं की मिठावर बोटभर रुंदीच्या, एकमेकींना चिकटून उतारावर सरळ खाली जाणाऱ्या पन्हळी दिसतात. दोन पन्हळींमधली धार इतकी तीक्ष्ण असते की हात टेकवला तर कापतो. एकाच सरीत त्या पुन्हा नव्याने कोरल्या जातात. मिठाच्या पोटात करड्या, लाल, पांढऱ्या पट्ट्या असतात आणि त्या सरळ नसतात. पडद्याच्या चुण्यांसारख्या मागेपुढे वळलेल्या असतात. मीठ खांबातून वर येताना बाजूंना घासून मागे राहिलं आणि मध्यभागी पुढे गेलं, त्याचा तो आलेख. मध्य इराणच्या दश्त-ए-कवीरमध्ये असे पन्नासेक घुमट झिजून सपाट झाले आहेत. तिथे हाच नमुना जमिनीवर किलोमीटरभर मोठ्या वेटोळ्यांत दिसतो.

पुरवठा जोरात असेल तर मीठ माथ्यावर मावत नाही आणि दरीत उतरायला लागतं. याला मिठाची हिमनदी म्हणतात, बर्फाचा काही संबंध नसला तरी. झाग्रोसमधल्या कूह-ए-नमक या मिठाच्या डोंगरावर टॅल्बॉट आणि रॉजर्स या भूशास्त्रज्ञांनी खुणा रोवून मोजमापं घेतली, ती 1980 साली प्रसिद्ध झाली. कोरड्या दिवसांत मीठ जवळपास जागच्या जागी होतं, फक्त उन्हाने तापून थोडं फुगायचं आणि रात्री आकसायचं. पाऊस झाला की मात्र काही काळ दिवसाला अर्ध्या मीटरपर्यंत सरकलं. कारण मिठाच्या कणांमध्ये आहे. दोन कणांच्या सांध्यात पाण्याची अगदी पातळ फिल्म असली की जिथे दाब जास्त तिथे मीठ विरघळतं आणि जिथे कमी तिथे पुन्हा बसतं. कण आकार बदलतो आणि सगळा डोंगर सरकतो. वजनाच्या शंभर भागांत पाण्याचा एक दशांशही भाग नसला तरी एवढं घडतं. सुकलं की तोच खडक कडक होतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात. पाऊस मिठाला झिजवतो तसा चालवतोही, हे ध्यानात घेतलं नाही तर दुष्काळी वर्षात घेतलेल्या मोजमापावरून वेग फारच कमी निघतो.

आजूबाजूच्या जमिनीवरही खुणा उमटतात. घुमटाला टेकलेले थर कडेला वर वळून उभे राहतात. मऊ थर झिजले की कठीण थरांच्या धारा घुमटाभोवती कड्यासारख्या उरतात. ओढे माथ्यापासून चहूबाजूंना फुटतात आणि कड्याच्या आतल्या बाजूने वळसा घालून एखाद्या फटीतून बाहेर पडतात. माथ्यावर खळगे पडतात. पाणी त्यात शिरतं, आत गुहा कोरतं आणि पायथ्याशी खारट झरा होऊन निघतं. इराणच्या केश्म बेटावरच्या नमकदान घुमटातली गुहा साडेसहा किलोमीटर लांब आहे. 2019 मध्ये सदोमच्या मालहाम गुहेची मोजणी दहा किलोमीटरच्या पुढे गेली आणि सर्वांत लांब मीठगुहेचा मान तिकडे गेला. चुनखडीत अशी गुहा व्हायला लाखो वर्षं लागतात, मिठात काही हजार वर्षं पुरतात. झऱ्याचं पाणी खाली जाता जाता आटतं, ओढ्याचा तळ पांढरा होतो, आणि मैदानात पोहोचलं की खारवट चिखलाची जमीन तयार होते. तिच्यावर पंचकोनी-षटकोनी भेगा पडतात, कडा वर उचलल्या जातात. वर कडक पापुद्रा आणि खाली ओला गाळ असल्याने अशा जमिनीवरून गाडी नेणं धोक्याचं.

पांढरी पडलेली जमीन म्हटलं की मिरज, वाळवा, पलूस भागातल्या वाचकाला क्षारपड रान आठवणार, म्हणून थोडं त्याबद्दल. दिसायला सारखं, घडायला पूर्ण वेगळं. आपल्याकडे मीठ खडक म्हणून वर येत नाही, पाण्यात विरघळलेलं येतं. काळी खोल जमीन, निचरा कमी, उसाला पाटाने भरमसाट पाणी. भूजल वर येऊन मुळांपाशी थांबतं, मातीच्या बारीक नळ्यांतून पृष्ठभागापर्यंत चढतं, पाणी उडून जातं आणि क्षार उरतात. इराणच्या मैदानातला शेवटचा टप्पा तेवढा आपल्यासारखा आहे. आणि इथे एक खनिज दोन्हीकडे भेटतं. घुमटाच्या टोपीतलं अनहायड्राइट पाणी पिऊन जिप्सम होतं, आणि जिप्समच आपण चोपण, म्हणजे सोडियम वाढलेल्या, रानात टाकतो. त्यातलं कॅल्शियम चिकणमातीला धरून बसलेल्या सोडियमला हटवतं आणि सुटलेलं सोडियम पाण्याबरोबर निघून जातं. पण ते निघून जायला वाट हवी. साधारण एक ते सव्वा मीटर खोलीवर सच्छिद्र पाइप टाकून निचरा केल्याशिवाय जिप्समचे पैसे वाया जातात. दुसरी चूक म्हणजे माती न तपासता जिप्सम टाकणं. सामू (पीएच) साडेआठच्या आत, विद्युतवाहकता चार डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर आणि मातीला चिकटलेलं (विनिमययोग्य) सोडियम 15 टक्क्यांच्या आत असेल तर ती नुसती क्षारयुक्त जमीन आहे. तिला चर आणि गोडं पाणी हवं, जिप्समने तिचं काही होत नाही. पाइपावर गाळणीचं कापड नसेल तर काळी माती शिरून तो चोंदतो, हेही नेहमीचं.

परत घुमटाकडे. टोपीखाली आणि कडेच्या वर वळलेल्या थरांत तेल-वायू अडकतो, कारण मिठातून तो पुढे जाऊ शकत नाही. 10 जानेवारी 1901 रोजी टेक्सासमधल्या स्पिंडलटॉपच्या टेकडीत साडेतीनशे मीटरच्या आसपास तेल लागलं आणि दिवसाला लाखभर पिंपांचा फवारा उडाला. ती टेकडी म्हणजे मिठाच्या घुमटाचा माथा. पुढे टेकडी दिसत नसली तरी घुमट शोधता येऊ लागले. मीठ हलकं, म्हणून त्याच्यावर गुरुत्वाकर्षण किंचित कमी भरतं. 1924 मध्ये टेक्सासमधला नॅश घुमट नुसत्या या फरकावरून सापडला.

मीठ कोरून त्यात तेल साठवणं हाही मोठा उद्योग आहे. बोअरमधून गोडं पाणी सोडायचं, खारं पाणी बाहेर काढायचं, पोकळी आपोआप होते. वरच्या हिशेबानेच एक घनमीटर पोकळीला किमान सहा घनमीटर पाणी लागतं. प्रत्यक्षात पाणी पूर्ण संपृक्त व्हायच्या आत बाहेर येतं, त्यामुळे सात धरतात. अमेरिकेचा आपत्कालीन तेलसाठा अशाच पोकळ्यांत आहे. इथे चुका होतात त्या बहुधा कडेच्या बाबतीत. घुमटाची कड सरळ उभी नसते, आत-बाहेर वळते, आणि नकाशात ती चुकली तर पोकळीची भिंत समजतो त्यापेक्षा पातळ निघते. 2012 मध्ये लुइझियानातल्या बायू कॉर्न इथे कडेच्या फार जवळ कोरलेल्या पोकळीची भिंत गेली, वर जमीन खचून मोठं डबकं झालं आणि शेकडो लोकांना घरं सोडावी लागली. त्याच राज्यात 20 नोव्हेंबर 1980 ला पेन्यूर तलावात तेलासाठी घेतलेलं बोअर खालच्या मिठाच्या खाणीत शिरलं. बोअर केवळ 14 इंची, पण गोडं पाणी मिठात घुसलं की भोक भोक राहत नाही. बघता बघता ते रुंदावत गेलं, खाणीतले मिठाचेच खांब विरघळले, अख्खा तलाव 11 पडावांसकट आत गेला आणि समुद्राकडे वाहणारा कालवा उलटा वाहायला लागला. खाणीतली सगळी माणसं वेळेत बाहेर आली, एकही दगावलं नाही.

भारतात काय? राजस्थानात बिकानेर, नागौर, श्रीगंगानगर पट्ट्यात जमिनीखाली होर्मुझच्याच काळाच्या आसपासचे मिठाचे थर आहेत. वर वाळवंटही आहे. तरी घुमट नाहीत. वरचं ओझं तुलनेने पातळ आणि सगळीकडे सारखं, जमीन शांत, ना ताण ना रेटा. मीठ झोपून आहे. पलीकडे पाकिस्तानात खेवड्याला, जिथून 2025 पर्यंत उपवासाचं शेंदेलोण यायचं, त्याच जुन्या काळातल्या मिठावर हिमालयाचा रेटा आला. पण तिथे मिठाने वंगणाचं काम केलं. वरचा पोटवारचा पठारी भाग त्यावरून दक्षिणेकडे घसरत आला आणि पुढच्या कडेला मीठ उघडं पडलं. तीच वस्तू, तेच वय, आणि होर्मुझ, खेवडा, बिकानेर इथे तिची तीन वेगवेगळी रूपं.

शाळेत दाखवायचं असेल तर टेबलावर करता येतं. काचेची किंवा पारदर्शक प्लास्टिकची ट्रे घ्यावी, तिची एक भिंत सरकती ठेवावी. तळाला एक सेंटिमीटर सिलिकॉन पुट्टीचा थर, तो सपाट व्हायला रात्रभर सोडावा. वर चाळलेली, कडकडीत वाळवलेली बारीक वाळू, दोन रंगांत, अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरच्या थरांनी. मग भिंत तासाला एक सेंटिमीटरच्या वेगाने ओढायची. वाळूत चर पडतो आणि त्याच्या तळातून पुट्टी वर येते. इथला एक सेंटिमीटर म्हणजे निसर्गातला साधारण एक किलोमीटर. फसतं ते तीन कारणांनी. वाळू दमट असेल तर ती ढेकळासारखी तुटते आणि पुट्टी येतच नाही. भिंत घाईने ओढली तर पुट्टी घट्टपणा दाखवते. आणि ट्रेच्या कडांना पुट्टी चिकटली तर सगळी हालचाल फक्त मध्यभागी होते, म्हणून बाजूच्या भिंतींना आतून साबणाचं पाणी लावून घ्यायचं. हिवाळ्यात पुट्टी जास्त घट्ट होते, तेव्हा वेग निम्मा ठेवावा.

मोबाइलवर खरे घुमट पाहायचे तर उपग्रह नकाशात 27 अंश 4 मिनिटे उत्तर, 56 अंश 28 मिनिटे पूर्व टाका, होर्मुझ बेट येईल. तिथून नकाशा वायव्येला झाग्रोसवर सरकवत न्या. लांबट फिकट डोंगररांगांत मध्येच गडद डाग दिसतील, आणि डागाच्या एका किंवा दोन्ही बाजूंना दरीत उतरलेली जीभ. जिभेवर उताराला आडव्या, कमानदार रेषा असतील तर ती मिठाची. पाण्याने आणलेल्या गाळाच्या पंख्यावर रेषा उताराच्या दिशेने फाकतात. ढगांची सावलीही अशीच गडद दिसते, तेव्हा शंका आली तर दुसऱ्या तारखेचं चित्र उघडून बघा.